मालिका संपून दहा वर्षं झाली, आपलं संस्थळ चालू ठेवायचं का?

उत्तररात्र | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

'दिल दोस्ती दुनियादारी' झी मराठीवर मार्च २०१५ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये संपली. पुरतं वर्षभरही चालली नाही. तिच्या चाहत्यांसाठी आम्ही काही जणांनी काढलेलं छोटं संस्थळ मात्र अजून सुरू आहे. इथल्या बऱ्याच जणांचा तिथेही आयडी आहे, म्हणून हा धागा मुद्दाम इथे काढतेय. तिथे काढला असता तर जे अजून येतात तेच बोलले असते. जे यायचे थांबले त्यांचं मतही मला हवंय.

पुढच्या महिन्यात डोमेन आणि होस्टिंगचं नूतनीकरण आहे. चालवणाऱ्या चौघांपैकी दोघांनी आता जमणार नाही असं कळवलंय, आणि त्यांची कारणं अगदी रास्त आहेत. मालिकेवरची चर्चा महिन्याला चार-पाच प्रतिसादांवर आलीय. 'गॅलरी' हे गप्पांचं पान तेवढं रोज हलतं. तिथे भाड्याची घरं, नोकऱ्या, नाटकं, कोणाचं लग्न, कोणाच्या बाळाचं नाव असं सगळं चालतं. मालिकेशी त्याचा संबंध काय, हा प्रश्न दोघातिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारला. एकाने लिहिलं की दहा वर्षं झाली, छान निरोपाचा धागा काढू आणि कुलूप लावू.

माझं मत चालू ठेवावं असं आहे, ते लपवत नाही. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. भाग रात्री साडेदहाला लागायचा. त्या दिवसाचा धागा कोणी उघडायचा याची पाळी ठरलेली. जाहिराती लागल्या की प्रतिसादांची रांग. अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या मंडळींना भाग उशिरा बघायला मिळायचा, म्हणून शीर्षकात काहीही फोडायचं नाही असा कडक नियम होता, आणि तो मोडला म्हणून दोन जणांना आठवडाभर लिहायला बंदीही झाली होती. सहा पोरं-पोरी मुंबईत 'माजघर' नावाच्या एका फ्लॅटमध्ये राहतात, एवढीच गोष्ट. सासू-सून नाही, कटकारस्थान नाही. घर सोडून शहरात आलेल्या किती जणांना त्यात स्वतःचा फ्लॅट दिसला असेल!

त्या सहांतल्या रेश्माच्या मोडलेल्या लग्नावरचे भाग झाले तेव्हा दोन सदस्यांनी स्वतःबद्दल पहिल्यांदाच लिहिलं. त्या धाग्यावर पुढचे तीन दिवस मालिकेचं नावही निघालं नाही. पुण्यात एकट्या मुलीला खोली कुठे मिळेल, वकिलाकडे पहिल्यांदा जाताना कुठले कागद न्यायचे, आईबाबांना कसं सांगायचं, हेच चाललं होतं. तो धागा मी आजही नव्या कोणाला तरी दर वर्षी वाचायला देते.

तर, काय करावं? स्पष्ट लिहा.

---

कोपऱ्यातला_टेबल | सोमवार, रात्री ११:१५

ताई, स्पष्ट लिहा म्हणालात म्हणून लिहितो. माझ्या मते बंद करावं.

मी पहिल्या आठवड्यापासूनचा सदस्य आहे. मालिकेवर तुमच्याइतकंच प्रेम आहे, आणि प्रेम आहे म्हणूनच म्हणतोय. २०१७ साली त्याच सहा जणांना घेऊन 'दिल दोस्ती दोबारा' आली. पात्रं वेगळी, गोष्ट वेगळी, माजघराच्या जागी रेस्टॉरंट. आपल्याकडे तिच्यावर काय चर्चा झाली ते उघडून बघा. पहिल्या आठवड्यापासून एकच सूर: हा माजघरातल्या कैवल्यसारखा बोलत नाही, ही मिनल वाटत नाही. त्या नटांनी नवं काही केलंय याकडे कोणी बघायलाच तयार नव्हतं. त्यांना पुढे जायचं होतं आणि आपण त्यांना मागे खेचत होतो. नंतरच्या प्रत्येक नव्या मराठी मालिकेच्या बाबतीत तेच झालं. 'आपल्या वेळची मजा नाही.' पंचविशीतली माणसं असं बोलायला लागली होती.

चाहत्यांचा गट मालिकेनंतर तसाच राहिला की तो आठवणींचा हिशेब ठेवत बसतो. जे चांगलं झालं ते झालं. एक दिवस ठरवून सगळ्यांनी यावं, लिहावं, आणि बंद करावं. हळूहळू ओसाड पडण्यापेक्षा ते बरं.

---

शनिवारची_नाटकं | सोमवार, रात्री ११:३२

टेबलदादा, 'दोबारा'चं तुमचं निरीक्षण पटतं. पण दुसरी बाजू विसरलात. मालिका संपली त्याच वर्षी 'अमर फोटो स्टुडिओ' रंगभूमीवर आलं. मनस्विनी लता रवींद्रचं लेखन, निपुण धर्माधिकारीचं दिग्दर्शन, आणि अमेय वाघ, सुव्रत जोशी, सखी गोखले हे मालिकेतलेच चेहरे. गडकरीला पहिल्यांदा बघितलं तेव्हा प्रेक्षकांत कॉलेजची पोरं भरलेली. त्यातल्या कितीजणांनी तोवर व्यावसायिक नाटकाचं तिकीट काढलं असेल? आपल्या गटातून आम्ही चौदा जण गेलो होतो, त्यातले पाच जण नाट्यगृहात पहिल्यांदाच आले होते. आज ते पाचही जण माझ्यापेक्षा जास्त नाटकं बघतात. 'गॅलरी'त नाटकांवर इतकं लिहिलं जातं ते तिथून सुरू झालं.

कलाकारांना मागे खेचणारे लोक गटात होते, खरंय. त्यांच्याबरोबर पुढे गेलेले लोकही त्याच गटात होते.

---

पडवी | मंगळवार, सकाळी ७:५०

वाचतेय. सविस्तर संध्याकाळी लिहिते, तोवर जागा धरायला रुमाल.

---

सॅन_होजेकर | मंगळवार, सकाळी ९:०५

मोठा प्रतिसाद होणार आहे, सांभाळून घ्या. गेली काही वर्षं मी एका ब्रिटिश मालिकेच्या चाहत्यांच्या नादाला लागलोय आणि या प्रश्नावर त्यांच्याइतका अनुभव जगात फार थोड्यांकडे असेल.

'डॉक्टर हू' बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली आणि डिसेंबर १९८९ मध्ये थांबली. १९९६ मध्ये एक टीव्ही-चित्रपट येऊन गेला, त्यातून पुढे मालिका काही झाली नाही. परत सुरू झाली ती २६ मार्च २००५ ला. मधली पंधरा-सोळा वर्षं चाहत्यांकडे मालिकाच नव्हती. तेव्हा त्यांनी काय केलं, ते मला इथे सांगायचंय.

१९९१ पासून मालिकेच्या पुढच्या गोष्टी कादंबऱ्यांतून येऊ लागल्या. प्रकाशकाने अनोळखी, नवख्या लोकांची हस्तलिखितंही वाचायला घेतली. पॉल कॉर्नेल हा चाहत्यांच्या मासिकांत लिहिणारा मुलगा. त्याची कादंबरी पहिल्याच वर्षी निघाली, आणि २००५ मध्ये मालिका परतली तेव्हा त्याच्या एका भागाचा लेखक तोच होता. ज्याने मालिका परत आणली तो रसेल टी. डेव्हिस लहानपणापासूनचा चाहता, त्यानेही १९९६ मध्ये यातली एक कादंबरी लिहिली होती. दुसरीकडे काही मंडळी ऐंशीच्या दशकात घरच्या घरी कॅसेटवर हौशी श्रुतिका बनवायची. त्यांच्यातलेच काही जण पुढे 'बिग फिनिश'मध्ये गेले आणि १९९९ पासून त्या कंपनीने जुन्या नटांना घेऊन रीतसर परवानगीने श्रुतिका काढायला सुरुवात केली. त्यांतला निकोलस ब्रिग्ज आज पडद्यावरच्या डॅलेक या यंत्रखलनायकांचा आवाज आहे.

आणि जी गोष्ट मला सगळ्यांत जास्त भिडते ती ही. बीबीसीने साठच्या दशकातल्या भागांच्या कितीतरी टेप पुसून टाकल्या. टेप महाग होती, पुन्हा वापरता येत होती, आणि जुना भाग परत कोणाला बघायचा असेल असं कोणाला वाटलं नाही. पण त्या वेळी काही शाळकरी पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भागाचा आवाज मुद्रित करत होती. त्यामुळे आज चित्र हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज तरी उपलब्ध आहे. त्यावर नंतर अ‍ॅनिमेशन बसवून त्यांतले काही भाग पुन्हा काढले गेले. ज्यांची मालकी होती त्यांनी पुसलं आणि ज्यांचं प्रेम होतं त्यांनी ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल, ही तर परत आलेल्या मालिकेची गोष्ट. 'स्टार ट्रेक'चंही तसंच: १९६९ मध्ये ७९ भागांवर बंद, जानेवारी १९७२ मध्ये न्यू यॉर्कला चाहत्यांनी संमेलन भरवलं तर अपेक्षेच्या कितीतरी पट, हजारोंनी लोक आले, आणि १९७९ मध्ये चित्रपट. पण परत येईल या आशेवर गट चालवावा असं मी मुळीच म्हणत नाही. लंडनमध्ये फिट्झरॉय टॅव्हर्न नावाच्या पबात 'डॉक्टर हू'ची मंडळी महिन्याच्या पहिल्या गुरुवारी जमतात. मालिका बंद असतानाही जमायची. त्यांतल्या बहुतेकांना ना कादंबरी लिहायची होती ना नोकरी हवी होती. ज्यांच्याशी या विषयावर बोलता येईल अशी माणसं तिथे भेटायची, एवढंच. त्यातून कोणी लेखक झाला तर तो वरचा लाभ.

---

कोपऱ्यातला_टेबल | मंगळवार, सकाळी ९:४०

अप्रतिम प्रतिसाद. टेपरेकॉर्डरचं माहीत नव्हतं.

पण ती सव्वीस वर्षं चाललेली मालिका होती, मागे बीबीसी होती. आपली वर्षभराची दैनंदिन मालिका. 'वेरॉनिका मार्स' या बंद पडलेल्या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांनी २०१३ मध्ये वर्गणी काढून ५७ लाख डॉलर उभे केले आणि चित्रपट करवून घेतला. एक्याण्णव हजारांवर लोकांनी पैसे दिले होते. आपण किती जण आहोत? तुलना मोठी वाटते.

---

सॅन_होजेकर | मंगळवार, सकाळी ९:५८

आकाराची तुलना नाहीच करत. शाळकरी पोरगा एकटाच होता, त्याच्याकडे एकच टेपरेकॉर्डर होता.

---

अबोली | मंगळवार, दुपारी १:२०

मी तिथे फार लिहीत नाही, बहुतेक वेळा वाचनमात्र असते. पण या धाग्यावर न लिहिणं बरोबर वाटलं नाही.

मालिका लागायची तेव्हा मी आठवीत होते आणि साडेदहाला आमच्याकडे टीव्ही बंद व्हायचा. मी ती पहिल्यांदा पाहिली २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, फोनवर. बारावी झालेली, सीईटी पुढे पुढे जात होती, कॉलेज कधी सुरू होणार कोणाला ठाऊक नव्हतं. रोज दोन भाग बघायचे आणि मग तुमच्या संस्थळावर जाऊन त्या भागाचा धागा वाचायचा. भाग बघून मला जे वाटलं तेच पाच वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलेलं असायचं, त्याला कोणीतरी विरोध केलेला असायचा, आणि मी मनातल्या मनात बाजू घ्यायचे. एकदा राहवलं नाही म्हणून एका जुन्या धाग्यावर प्रतिसाद दिला. वाटलं, पाच वर्षांपूर्वीचा धागा, कोण उत्तर देणार. उत्तररात्रताईंचं उत्तर अर्ध्या तासात आलं, आणि संध्याकाळपर्यंत अजून सहा जणांची. एकानेही 'जुना धागा का वर काढलास' असं विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मी साताऱ्याहून पुण्याला आले. पहिली खोली 'गॅलरी'तल्या एका ताईंमुळे मिळाली. त्या ताईंना मी तोवर कधी भेटलेही नव्हते.

मालिका संपली असं तुम्ही सगळे म्हणताय ते तुमच्या तारखेनुसार. जो पहिला भाग आज रात्री बघणार आहे त्याच्यासाठी ती आज सुरू होतेय. त्याने शोधलं आणि कुलूप दिसलं तर?

---

मसालापापड | मंगळवार, दुपारी १:३१

अबोली, +१०००. चालू ठेवाच.

---

गच्चीवर | मंगळवार, दुपारी २:०२

+१

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ४:१५

मी त्या चौघांतली एक, जिने सोडायचं ठरवलंय. आयडीवरून कळेलच.

वर सगळे 'चालू ठेवा' म्हणताय, वाचून बरं वाटलं. आता चालू ठेवणं म्हणजे रोज काय असतं ते ऐका. सकाळी उठून आधी जाहिरातवाल्यांचे खोटे आयडी उडवायचे. रोज असतात, सणाच्या दिवशी जास्त. मग तक्रारींचा डबा. मालिकेवरून भांडणं केव्हाच संपली, आता 'गॅलरी'त भांडणं होतात ती निवडणुकांवरून, आरक्षणावरून, कोणत्या शहरातली मिसळ खरी यावरूनसुद्धा. मालिकेची चर्चा होती तोवर 'विषयाला धरून बोला' एवढं म्हटलं की भागत होतं. आता धरून बोलायला विषयच नाही, म्हणून प्रत्येक वाद मला माझ्या अकलेने सोडवावा लागतो, आणि प्रत्येक निकालानंतर कोणीतरी मला पक्षपाती म्हणतं. मागच्या वर्षी एका सदस्याने दोन दिवस काहीच लिहिलं नाही आणि शेवटचं लिहिलेलं वाचून मला भीती वाटत होती. रात्री दोन वाजता मी त्याचा नंबर कोणाकडे आहे ते शोधत होते. तो ठीक होता. पण त्या रात्री माझ्याबरोबर जागं कोणीही नव्हतं.

मला त्या माणसांची काळजी आहे म्हणूनच हे दहा वर्षं केलं. चालू राहावं असं मलाही मनापासून वाटतं. पण 'चालू ठेवा' असं लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्यापुढे एक वार लिहावा. त्या वारी तुम्ही बघणार. सात वार भरले तर चालेल, नाही भरले तर बंद झालेलं बरं.

---

उत्तररात्र | मंगळवार, दुपारी ४:४०

रात्रपाळी, हे तू आधी का नाही सांगितलंस असं विचारणार नाही, कारण तू सांगितलं होतंस. तू मांडलेला हिशेब या धाग्यात आला हे फार बरं झालं.

शनिवार माझा. एक वार भरला.

---

तारेवरचा | मंगळवार, सायंकाळी ६:१०

बाकीचं होईल तेव्हा होईल, आधी मला तीन गोष्टी सांगा. डोमेन कोणाच्या नावावर आहे? होस्टिंगच्या खात्याचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? विदागाराची (डेटाबेसची) प्रत शेवटची कधी उतरवली आणि ती कोणाकडे आहे?

---

उत्तररात्र | मंगळवार, सायंकाळी ६:२५

डोमेन ज्याने संस्थळ उभारलं त्याच्या नावावर. तो आता कॅनडात असतो, संपर्कात आहे. ओटीपी त्याच्या जुन्या भारतीय नंबरवर. प्रत मी उतरवत होते, गेल्या वर्षी दिवाळीत शेवटची.

---

तारेवरचा | मंगळवार, सायंकाळी ७:००

म्हणजे उद्या त्याचा भारतीय नंबर रिचार्जअभावी बंद झाला तर चालू ठेवायचं की नाही ही चर्चाच शिल्लक राहणार नाही. रागावू नका, पण मी पाहिलेली बहुतेक मराठी संस्थळं अशीच गेली. कोणी बंद करायचं ठरवलं नव्हतं.

मोठ्यांचं बघा. जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं, त्यावर लोकांनी हाताने बांधलेली लाखो पानं होती. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. मराठी मालिका, नाटकं, गाणी यांच्या कम्युनिटीज तिथे किती होत्या ते इथल्या तिशी-चाळिशीतल्यांना विचारा. आयएमडीबी या सिनेमा-मालिकांच्या माहितीच्या संस्थळाने आपले चर्चाफलक २० फेब्रुवारी २०१७ ला काढून टाकले, त्यात कित्येक मालिकांच्या भागागणिक गप्पा होत्या. याहू ग्रुप्सवरचा जुना मजकूर आधी काढला गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये सगळंच बंद झालं. यांतल्या कुठल्याच गटाला 'मालिका संपली, आता काय' हा प्रश्न सोडवायला वेळ मिळाला नाही. जागा दुसऱ्याची होती आणि दुसऱ्याने ठरवलं. वाचलं ते कोणीतरी वेळेवर उतरवून घेतलं म्हणून. जिओसिटीजची बरीच पानं स्वयंसेवकांनी शेवटच्या काही महिन्यांत अशी वाचवली.

आपलं नशीब की आपलं संस्थळ आपलं स्वतःचं आहे, कुठल्या फेसबुक गटात नाही. तर माझं म्हणणं: जुने भागवार धागे, 'पुढची गोष्ट' विभागातल्या सदस्यांच्या कथा, सगळं वाचनमात्र करून साध्या एचटीएमएल पानांत उतरवायचं. साध्या पानांना विदागार लागत नाही, अपडेट लागत नाहीत, हॅक व्हायला त्यात फारसं काही नसतं, आणि अगदी स्वस्तात कुठेही ठेवता येतात. मग ती पानं इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही, म्हणजे जुनी वेबपानं जपणाऱ्या संग्रहात, साठवता येतील. आज लॉगिनच्या मागे असलेलं त्यांना दिसत नाही, हे लक्षात घ्या. 'गॅलरी' तेवढी जिवंत फोरम म्हणून चालू ठेवायची. ती लहान असल्यामुळे सांभाळायलाही सोपी जाईल, रात्रपाळीताईंनी लिहिलेला भारही त्यामुळे थोडा कमी होईल.

काम मी करतो. बुधवारही माझा धरा.

---

पडवी | मंगळवार, रात्री ९:३०

रुमाल उचलते.

तारेवरचा यांची योजना चांगली आहे, पण 'लॉगिनच्या मागे आहे ते उघडं करू' इथे मी अडले. धागाकर्तीने ज्या रेश्माच्या धाग्याचा उल्लेख केलाय, त्यात लिहिणाऱ्या दोघींपैकी एक मी.

ते मी २०१५ साली, सदस्यांनाच दिसेल अशा ठिकाणी, तेवीसाव्या वर्षी लिहिलं. आयडी दुसरा होता, पण शहर, कॉलेज, सासरचं आडनाव नाही तरी गाव, सगळं त्यात आहे. मला ओळखणारा कोणीही दोन मिनिटांत ओळखेल. तो धागा नव्या मुलींना वाचायला मिळतो याचा मला अभिमान आहे. गुगलवर सापडावा याला माझी परवानगी नाही. आणि माझी विचारायला मी तरी इथे आहे. ज्या यायच्या थांबल्या त्यांचं काय?

यावर आधी विचार झालेला आहे. इंग्रजीत चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचं मोठं ना-नफा संग्रहस्थान आहे, 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन', ते चालवणाऱ्या संस्थेचा 'ओपन डोअर्स' नावाचा प्रकल्प आहे. बंद पडणाऱ्या छोट्या संस्थळांवरच्या कथा ते आपल्याकडे आणतात. आणताना मूळ लेखकांना त्यांच्या जुन्या पत्त्यांवर मेल जाते. लेखक ती कथा आपल्या नावावर घेऊ शकतो, नाव काढून ठेवू शकतो, किंवा काढून टाका म्हणू शकतो. आपणही तसंच करावं. सगळ्या सदस्यांना मेल. भागवार चर्चा आणि कथा उघड्या करायच्या असतील तर महिनाभराची मुदत. आणि खाजगी आयुष्यावरचे धागे मुळात उघडे करायचेच नाहीत. ज्याचं उत्तर आलं नाही त्याचा नकारच समजायचा.

चालू ठेवावं की नाही? चालू ठेवावं. त्या तीन दिवसांत ज्यांनी मला उत्तरं दिली त्यातल्या चौघी आज माझ्या सगळ्यांत जवळच्या मैत्रिणी आहेत. आम्ही मालिकेबद्दल शेवटचं कधी बोललो आठवत नाही. पण त्या घरी बसून रेश्मा बघत नसत्या तर मी त्यांना भेटलेच नसते, म्हणून ती मालिका आमच्यात असतेच. संबंध काय असं ज्यांनी व्यनि करून विचारलं त्यांना हे माझं उत्तर.

---

तारेवरचा | मंगळवार, रात्री ९:५२

पडवी, शंभर टक्के मान्य. मी फक्त भागवार धागे डोळ्यासमोर ठेवून लिहिलं होतं. खाजगी विभाग आहे तिथेच, लॉगिनच्या आत राहील. मेलचा मसुदा तुम्ही लिहाल का? तुमच्याइतकं नेमकं कोणाला जमणार नाही.

---

पडवी | मंगळवार, रात्री १०:०५

लिहिते. रविवारपर्यंत.

---

कोपऱ्यातला_टेबल | मंगळवार, रात्री १०:३०

काल रात्रीपासूनचे सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. 'पूर्वीसारखं चालू ठेवा' याला माझा विरोध अजूनही आहे. पूर्वीसारखं म्हणजे मुखपृष्ठावर त्या सहा जणांचा २०१५ चा फोटो, वर 'आज इतके दिवस झाले' अशी मोजणी, आणि प्रत्येक कलाकाराच्या वाढदिवसाला जुन्या पात्राच्या नावाने शुभेच्छा. ते बदलावं. त्यांच्या आजच्या नाटका-सिनेमांवर लिहा, न आवडलं तर तसंही लिहा, पण कैवल्य आणि सुजयची मोजपट्टी लावू नका. अबोलीने सांगितलेल्या नव्या प्रेक्षकासाठी भागवार धागे हवेत, ते मला मान्य आहे. त्यांवर नवीन प्रतिसाद देता यावा, हेही. तारेवरचा, साध्या पानांत उतरवलं तर अबोलीसारखीला उत्तर कसं मिळणार?

---

तारेवरचा | मंगळवार, रात्री १०:४८

चांगला प्रश्न. प्रत्येक जुन्या पानाच्या तळाशी एक दुवा देता येईल: 'या भागावर आज बोलायचंय?' तो 'गॅलरी'तल्या एका कायमच्या धाग्यावर नेईल. सगळ्या भागांसाठी एकच धागा. त्यामुळे नवा माणूस आला की सगळ्यांना तो एकाच जागी दिसेल, शेकडो पानांवर लक्ष ठेवावं लागणार नाही.

---

अबोली | मंगळवार, रात्री १०:५५

त्या धाग्यावर लक्ष मी ठेवते. नव्याने बघणाऱ्याला उत्तर द्यायला मला आवडेल. सोमवारही माझा.

---

मसालापापड | मंगळवार, रात्री ११:०१

गुरुवार.

---

शनिवारची_नाटकं | मंगळवार, रात्री ११:१०

शुक्रवार, पण प्रयोग असेल त्या दिवशी आधी सांगून कोणाला तरी द्यावा लागेल. चालेल का?

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:१४

चालेल. फक्त आधी सांगा, ऐनवेळी नको. आणि वारासोबत प्रत्येकाने फोन नंबर एकमेकांना द्यायचा. रात्री दोनला एकटीने शोधाशोध करायची वेळ पुन्हा कोणावर येता कामा नये. पहिला महिना मी सगळ्यांबरोबर राहीन, कुठला वाद कसा हाताळला याची माझी वही आहे ती टाईप करून देते.

---

उत्तररात्र | बुधवार, सकाळी ८:२०

आतापर्यंतचं ठरलेलं लिहिते, चुकलं असेल तर सांगा.

कॅनडातल्या मित्राशी रात्री बोलले. डोमेन तो या आठवड्यात हस्तांतरित करतोय. एका व्यक्तीच्या नावावर पुन्हा नको, म्हणून खातं संस्थळाच्या स्वतंत्र मेलवर असेल आणि तिचा पासवर्ड तिघांकडे राहील: तारेवरचा, शनिवारची_नाटकं आणि मी. नूतनीकरण तूर्त दोन वर्षांचं. खर्च मोठा नाही; त्यासाठी वर्गणीचा वेगळा धागा काढेन आणि पावत्या तिथेच टाकेन. मोजणी आणि मुखपृष्ठावरचा फोटो आजच काढते, टेबलदादांचं म्हणणं रास्त आहे.

पडवीचा मसुदा रविवारी. त्यानंतर मेल, मग महिनाभर थांबायचं. तोवर एकही जुनं पान उघडं होणार नाही.

दोन वर्षांनी नूतनीकरणाच्या आधी हाच प्रश्न पुन्हा विचारू. तेव्हा वार भरले नाहीत तर भागवार पानं राहतील आणि 'गॅलरी' बंद करू, तीही सगळ्यांना तीन महिने आधी सांगून, प्रत्येकाला आपलं लिखाण उतरवून घेता येईल अशी सोय करून.

मंगळवार आणि रविवार अजून रिकामे आहेत.

---

गच्चीवर | बुधवार, सकाळी ८:४५

मंगळवार मी.

---

कोपऱ्यातला_टेबल | बुधवार, सकाळी ९:१०

रविवार माझ्याकडे द्या. सकाळी क्रिकेट असतं, दुपारी बारापासून रात्रीपर्यंत बघेन. सकाळचे चार तास कोणी घेईल का?

---

सॅन_होजेकर | बुधवार, सकाळी ९:३०

तुमची रविवार सकाळ म्हणजे माझी शनिवार रात्र. ते चार तास मी घेतो.